राहुल राम यांना भेटायचंय ना?

भाऊ, सुरेश भट सभागृहात कार्यक्रम संपला की सगळे स्टेजकडे धावतात. तू थांब. बास गिटार केसमध्ये जाऊ दे, त्यांना पाणी पिऊ दे. वाद्याला हात मुळीच लावू नको. ‘मी तुमचा फॅन’ हे तर सगळेच सांगतात, तू एकच नेमकं विचार: गाताना बासची लय कशी सांभाळता? १९९१ पासून इंडियन ओशन या बँडमध्ये ते दोन्ही करताहेत. फार कठीण आहे रे ते! बोटं ड्रमसोबत चालतात अन् गळा वेगळ्याच वाटेनं. नर्मदा बचाव आंदोलनातही ते होते, तेवढं वाचून जा. सहीसाठी सीडीचं कव्हर अन् मार्कर खिशात असू दे. सेल्फी शेवटी, एकच.