वॉर्डातील नाते : नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून रुजू झालीस आणि पहिलाच वॉर्ड पुरुष मेडिकल मिळाला, हे वाचून मला बरे वाटले. लकवा, टीबी, लिव्हर, हाताबाहेर गेलेली साखर असे आजार घेऊन आलेली माणसे तेथे आठवडा-आठवडा राहतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे घरही व्हरांड्यात मुक्कामाला येते. तू थेट विचारले आहेस की, कॉलेजात उपचारात्मक नाते, म्हणजे रुग्ण बरा होण्यास हातभार लावणारे परिचारिका आणि रुग्ण यांच्यातले विश्वासाचे नाते, म्हणून जे शिकवले ते एका पाळीत तीस-पस्तीस रुग्ण अंगावर असताना जमवायचे कसे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात काय असते ते तू पाहतेच आहेस. हसतमुख राहिल्याने ही तूट भरून निघते, असे मी तुला सांगणार नाही. ती शासनाने पदे भरूनच निघायची आहे.

तरीही हे नाते जोडायला निराळा वेळ लागत नाही, असे माझे मत आहे. जी कामे तुला करायचीच आहेत त्यांतूनच ते जुळते किंवा बिघडते. सलाइन लावण्याचेच घे. रुग्णाला दिसेल अशा जागी उभी राहा, तुझे नाव सांग, त्याचे नाव केसपेपरवर असले तरी त्याच्या तोंडून घे, आणि मग विचार, "काका, जेवता कोणत्या हातानं?" शीर चांगली मिळत असेल तर कॅन्युला (शिरेत ठेवायची सलाइनची सुई-नळी) दुसऱ्या हाताला लाव. उजव्या हातात सुई असलेल्या माणसाला पुढचे दोन-तीन दिवस बायकोने किंवा शेजारच्या खाटेवरच्याने भरवावे लागते, आणि त्यात त्याला जी शरम वाटते ती ताप, नाडी आणि श्वास यांच्या टीपीआर चार्टवर कोठेच दिसत नाही. हा प्रश्न विचारायला फारसा वेळ लागत नाही. पण आपल्या जेवणाचा विचार करणारे कोणीतरी येथे आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी कळते.

दुसरी गोष्ट "आलेच हं" या उत्तराची. दिवसभरात आपण ते अगणित वेळा देतो आणि त्यातले निम्मे पाळले जात नाही. लघवीची पिशवी भरली म्हणून हाक मारणाऱ्या आजोबांना "आलेच" म्हणून तू औषधांच्या ट्रॉलीकडे वळलीस आणि विसरलीस, तर त्यानंतर "गोळीने बरं वाटेल" हे तुझे वाक्यही ते त्याच मापाने मोजतील. त्याऐवजी "या ओळीची इंजेक्शनं संपली की येते, तोवर मावशींना पाठवते" असे सांग आणि तसेच कर. उशीर झाला तर जाऊन उशीर झाल्याचे सांग. गोड बोलण्यापेक्षा दिलेला शब्द पाळण्यावर रुग्णाचा विश्वास बसतो, आणि ज्याचा विश्वास बसला आहे तोच तुला छातीत दुखायला लागल्या लागल्या सांगेल. बाकीचे सकाळच्या राउंडपर्यंत थांबतील.

तुमच्या अभ्यासक्रमातल्या हिल्डगार्ड पेपलाऊ आठवत असतील. मानसोपचार क्षेत्रातल्या या अमेरिकन परिचारिकेने परिचारिका-रुग्ण नात्यावरच्या आपल्या पुस्तकाचे हस्तलिखित १९४८ मध्येच पूर्ण केले होते. पण कोणा डॉक्टरचे नाव सहलेखक म्हणून नसताना एका परिचारिकेने असे काही छापावे हे तेव्हा पचण्यासारखे नव्हते, म्हणून ते १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. परीक्षेसाठी तुम्ही त्यांचे चार टप्पे पाठ करता : परस्परांची ओळख, मदत कोणाकडून मिळेल याची जाण, त्या मदतीचा उपयोग आणि शेवटी मोकळे होणे. मला त्यांची सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. परिचारिकेच्या भूमिका सांगताना त्यांनी प्रारंभ अनोळखी व्यक्तीपासून केला आहे. आपण रुग्णाला अनोळखी असतो, म्हणून अनोळखी माणसाशी जो साधा शिष्टाचार पाळतो तो त्याच्याशी पाळायचा. आपल्याकडे मात्र पांढरा कोट किंवा गणवेश चढला की पन्नाशीच्या शिक्षकाला "ए बाबा, कुशीवर हो" म्हणायची मुभा मिळाली असे अनेकांना वाटते. "आजी" म्हणवून घेणेही प्रत्येकीला आवडत नाही. एकदा विचारून घ्यावे.

नाते कोणत्या टप्प्यावर आहे हे रुग्णाच्या प्रश्नांवरून कळते. साखरेचा रुग्ण सुरुवातीला "सिस्टर, सुई कधीपर्यंत?" एवढेच विचारतो. चार दिवसांनी तोच जेव्हा विचारतो की, "ही बाटली चाळीसची, म्हणजे सिरिंज लाल टोपणाचीच घ्यायची ना?", म्हणजे इन्सुलिनच्या बाटलीवरच्या तीव्रतेच्या आकड्याशी जुळणारी सिरिंज स्वतः ओळखू लागतो, तेव्हा तो तुझी मदत स्वतःच्या उपयोगाला लावू लागला असे समज. त्या दिवसापासून त्याला इन्सुलिन तू टोचू नकोस. तो टोचेल, तू शेजारी उभी राहा.

खाजगी प्रश्नांबद्दल थोडक्यात सांगते. दारू, गुप्तरोग, पूर्वीची टीबीची औषधे मध्येच सोडली का, हे नातेवाइकांच्या घोळक्यात विचारले की उत्तर खोटे मिळते, आणि खोट्या उत्तरावर उपचार ठरतो. स्त्रियांच्या वॉर्डात बदली झाली की सासूसमोर "आधी कधी गर्भपात?" असे कधीही विचारू नकोस; सासूबाईंना केसपेपर काढायला पाठव आणि मग विचार. एचआयव्हीबाबत गुप्तता हा केवळ शिष्टाचार राहिलेला नाही, २०१७ च्या कायद्याने ते बंधन आहे. खाटेवर किंवा केसपेपरच्या दर्शनी भागावर खुणा करण्याची जुनी सवय कोठे दिसली तर ती मोडायला कचरू नकोस.

आता नातेवाईक, कारण तुझे अर्धे पत्र त्यांच्यावरच आहे. प्रथम हे ओळख की रात्री खाटेखाली चटई टाकून झोपणारी व्यक्ती आणि निर्णय घेणारी व्यक्ती बहुधा वेगळी असते. सून किंवा बायको सगळे करते आणि मुंबईहून फोनवर बोलणारा थोरला भाऊ ठरवतो. माहिती भावाला द्यावी लागली तरी शिकवायचे तिला : कूस दर दोन तासांनी कशी बदलायची, नळीतून पातळ जेवण देताना खाटेचे डोके किती उंच ठेवायचे. आणि तिला एकदा तरी विचार की ती स्वतः जेवली का.

सर्वांत अवघड प्रसंग असा येईल. कॅन्सरचा रिपोर्ट येतो, मुलगा तुला व्हरांड्यात गाठतो आणि हात जोडतो, "बाबांना सांगू नका हं सिस्टर, ते खचतील." त्याला तेथेच कायदा ऐकवू नकोस, तो प्रेमापोटी आणि भीतीपोटी बोलतो आहे. पण होकारही देऊ नकोस. मी असे सांगत असे : "मी स्वतःहून काही बोलणार नाही, निदान सांगणं डॉक्टरांचं काम आहे. पण बाबांनी मला सरळ विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. डॉक्टरांना बोलावीन आणि तुम्हीही तेव्हा जवळ असाल." बहुतेक मुले यावर गप्प होतात आणि नंतर निवांतपणे बोलायला येतात. तेव्हा त्याला विचार की बाबांना काय कळले आहे असे त्याला वाटते. इकडे बाबा मात्र तुला पहाटे रक्त घेताना विचारतील, "सिस्टर, साधंच आहे ना?" येथे "काही नाही, बरे व्हाल" हे उत्तर ओठांवर येते, ते गिळायचे. "काका, तुम्हाला काय वाटतंय?" असे विचारून थांबायचे. पुष्कळदा त्यांना सारे ठाऊक असते आणि मुलाला त्रास नको म्हणून तेच गप्प असतात. काहींना खरोखर ऐकायचे नसते, तोही त्यांचा अधिकार आहे. किती ऐकायचे हे त्यांनी ठरवायचे, मुलानेही नाही आणि तूही नाही. जे बोलणे झाले ते त्याच पाळीत डॉक्टरांच्या कानावर घाल.

रागाचे म्हणशील, तर वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो तुला ठाऊक असावा. धमकी आली तर एकटी समजूत घालत बसू नकोस, सुरक्षारक्षक आणि ड्यूटीवरचे डॉक्टर यांना बोलाव. मात्र मृत्यूनंतर उसळणाऱ्या जमावात अनेकदा असे लोक असतात ज्यांना दोन दिवसांत कोणीच काही सांगितलेले नसते. प्रकृती खालावत असेल तर दर काही तासांनी, सांगण्यासारखे नवे काही नसले तरी, "अजून तसंच आहे, बीपी कमीच आहे, डॉक्टर आत्ताच पाहून गेले" एवढे ठरलेल्या एका नातेवाइकाला सांगत जा.

मर्यादांविषयी तू विचारलेले नाहीस, पण विचारशील. डिस्चार्जच्या दिवशी पेढे आणले तर घे आणि मामा-मावशींसह सगळ्यांत वाट. पाकीट परत कर. खाजगी मोबाइल नंबर देऊ नकोस, वॉर्डाचा दे.

आणि घरी पाठवताना नाते तेथे संपवायला शीक. गोळ्यांच्या वेळा तुझ्यासमोर त्याच्याकडून वदवून घे, पुढच्या ओपीडीचा वार कागदावर लिहून दे, कोणती लक्षणे दिसली तर वाट न पाहता यायचे ते सांग. त्याआधीही, रोज ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवताना, बीपी आणि इनटेक-आउटपुटच्या (शरीरात गेलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवाच्या नोंदीच्या) जोडीला एक ओळ माणसाविषयी दे : बारा नंबरच्या काकांना निदान ठाऊक नाही, मुलगा उद्या डॉक्टरांना भेटणार आहे; सात नंबरची बायको तीन रात्री झोपलेली नाही. नाहीतर तू तीन दिवसांत जुळवून आणलेले रात्रपाळीची नवी मुलगी अजाणता एका वाक्यात मोडून टाकते. तुझ्या परिसेविकांना (वॉर्डप्रमुख सिस्टरना) ही ओळ ओव्हरच्या वहीतच लिहायची सोय करता येईल का, ते विचार आणि मला कळव.

तुझी,
पूर्वीची पाठ्यनिर्देशिका