टॉवरवरचा ससाणा कोणता?

प्रश्न : वडूजजवळ माळाला लागून हाय टेन्शन लाइनचे टॉवर आहेत. मे महिन्यात तिथे दोन ससाणे दिसले. एकाचं पोट पांढुरकं, मांड्या तपकिरी. दुसरा खालून सगळाच गडद. मित्र म्हणतो, गडांच्या कड्यांवर असतो तोच हा शाहीन. खरं का? आणि हे पक्षी संपत चाललेत का?
– एक वाचक, वडूज

उत्तर : मित्राकडून चहा वसूल करा, दोन्ही लग्गर, म्हणजे माळावर राहणारा वेगळा ससाणा. शाहीन म्हणजे बहिरी ससाण्याचा आपल्याकडे बारमाही राहणारा प्रकार. त्याचं डोकं-गाल काळेकुट्ट, टोपडं घातल्यासारखे, आणि पोट तांबूस. लग्गरची टाळू तांबूस, भुवई फिकट आणि डोळ्याखाली काळी बारीक मिशी. उन्हात रंग कळत नसेल तर बसलेल्या पक्ष्याची शेपूट बघा. शाहीनच्या पंखांची टोकं शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ पोचतात, लग्गरची अलीकडेच थांबतात. तुमचा तो गडद पक्षी बहुतेक यंदाचं पिल्लू. म्हणजे घरटं जवळपासच असणार. अर्थात ससाणे स्वतः काडीही रचत नाहीत; लग्गर घारी-कावळ्यांची जुनी घरटी बळकावतो.

संपत चाललेत का, तर इथे गंमत आहे. ज्याचं नाव जगभर, तो बहिरी सुखरूप आहे. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन युरोप-अमेरिकेत त्याची दैना झाली होती. पण आरडाओरडा झाला, अमेरिकेने 1972 मध्ये डीडीटीवर बंदी घातली आणि 1999 मध्ये तो तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेरही पडला. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत आज त्याची काळजी नाही, शाहीनही त्यातच मोजला जातो. लग्गर मात्र 'संकटसमीप', म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर. तो जवळपास सगळा भारतीय उपखंडातलाच, त्यामुळे इथे गेला तर गेलाच. शेतातली कीटकनाशकं त्याला भोवतात, आणि पाकिस्तानात मोठे ससाणे धरायला त्याला आमिष म्हणून बांधतात. शिवाय तो सरडे, उंदीर, होल्यांवर जगणारा माळाचा पक्षी. माण-खटावचा माळ आपल्या लेखी पडीक, नांगरला तरी कुणाला हळहळ नाही. कड्यावर निदान ट्रॅक्टर चढत नाही.

जानेवारीपासून त्या टॉवरवर लांबून दुर्बीण लावा. जोडी घरट्यावर बसलेली दिसली तर वनरक्षकाला कळवा. लग्गर आणि शाहीन, दोघांनाही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. फोटो खुशाल टाका, पण टॉवरचा नंबर आणि गावाचं नाव सोडून.