हप्ता आधी, पगार मागाहून

प्रश्न : मुलीला बारावीला ८८ टक्के, गणितात ९७ गुण. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात गणित आणि डेटा सायन्सच्या चार वर्षांच्या बी.एस्सी.ला प्रवेश मिळतोय. राहण्या-जेवणासकट वर्षाला साडेचार लाख. दीड लाख मी घालीन, तीन लाखांचं कर्ज दरवर्षी काढू. बँक घर तारण मागते. माहितीपत्रकात 'सर्वोच्च पॅकेज २२ लाख' असं आहे. कागदपत्रं देऊ का?
– एक वडील, बार्शी

उत्तर : नमस्कार. घराची कागदपत्रं तूर्त कपाटातच असू द्या.

तुम्ही १२ लाखांचं कर्ज धरून चाललाय, पण फेडायला बसाल तेव्हा ते १२ लाख राहिलेलं नसेल. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत सहसा हप्ता नसतो, व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. दर १० टक्के, सरळव्याज धरू. पहिल्या वर्षीच्या तीन लाखांवर पाच वर्षांचं दीड लाख. पुढच्या तीन लाखांवर १ लाख २० हजार, मग ९० हजार, मग ६० हजार. झाले ४ लाख २० हजार. म्हणजे हप्ता बसणार १६ लाख २० हजारांवर : दहा वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे २१,४०० रुपये, पंधरा वर्षांत फेडायचं तर १७,४००. हा हिशेब मुलीकडून तपासून घ्या, विषय तिचाच आहे.

आता कमाईची बाजू. नुसत्या बी.एस्सी.वर गणिताला बाजारात फारसा भाव नाही. माझ्याकडे येणारी मुलं पदवीनंतर लगेच नोकरीला लागली तर २५-३० हजार हातात पडतात, त्यातून पुण्यातली खोली आणि मेस. शिक्षकी करायची तर आधी बी.एड., आणि अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षणसेवकाची पहिली तीन वर्षं १८,००० मानधन. दहा वर्षांच्या हप्त्यापेक्षाही कमी!

गणिताचे पैसे येतात, पण उशिरा. एम.एस्सी. किंवा एम.स्टॅट. (संख्याशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावर, अ‍ॅक्च्युअरीचे, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाचे, पेपर एकेक करून सुटत गेल्यावर. पीएच.डी.कडे वळली आणि जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात, वर घरभाडं. हे सगळं चोविशी-पंचविशीच्या आसपास. आणि तुमचा हप्ता सुरू होणार ती तेविशीत असताना, नेमकी एम.एस्सी.त असेल तेव्हा. काही बँका पुढच्या शिक्षणासाठी मुदत वाढवतात, पण व्याज थांबत नाही.

मागे एका मुलाला 'जॅम' या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेतून आयआयटीत जागा मिळाली होती. घरचा हप्ता होता म्हणून 'वर्षभरच' म्हणत तो एका कंपनीच्या बॅक ऑफिसात चिकटला. चार वर्षं झाली. परवा भेटला तर मोबाइलवरचा हप्ता कापल्याचा मेसेज दाखवून कसनुसा हसला.

२२ लाखांबद्दल : तो एका विद्यार्थ्याचा आकडा, आणि बहुधा कॉम्प्युटरवाल्याचा. गणिताच्या गेल्या बॅचमध्ये किती जण नोकरी शोधत होते, किती लागले आणि पगारांच्या चढत्या यादीत मधोमध कोणता आकडा येतो, हे लेखी मागा. देतात का बघा.

माझा सल्ला असा. पुण्यात किंवा सोलापुरात अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी. गणित. फी काही हजारांत, पुण्यात राहणं-जेवण महिना दहा-बारा हजार धरा. तुम्ही घालणार होता त्या दीड लाखातच जवळपास भागतं. उरलेल्या वेळात पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि संख्याशास्त्र पक्कं करायचं, तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत 'जॅम' द्यायची. भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षाही त्याच वर्षी देता येईल, तिथे विद्यावेतन मिळतं. कर्ज काढायची वेळ आलीच तर ती दुसऱ्या पदवीला येऊ द्या.

तरीही हेच विद्यापीठ हवं असेल, तर ते पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत आहे का पाहा. असेल तर तारण लागत नाही, आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात, ३ टक्के व्याजसवलतीसाठी अर्ज करता येतो. शिवाय शिकत असतानाच दरमहा व्याज भरत जा : पहिल्या वर्षी २,५००, मग ५,०००, ७,५००, शेवटच्या वर्षी आणि पुढे हप्ता सुरू होईपर्यंत १०,०००. तेवढं जमलं तर हप्ता १२ लाखांवरच बसेल, दहा वर्षांसाठी सुमारे १५,९००.

एक राहिलं. तुमच्या पत्रात घर आहे, बँक आहे, पॅकेज आहे, पण मुलीला गणितात रस आहे की डेटा सायन्सच्या नावात, हे कुठेच नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या.