हाऊसकीपिंगच्या वेबसाइटवर फॉर्म भरून येतात, पण काम मिळत नाही. फॉर्ममध्ये काय बदलू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात ऑफिसं, दवाखाने, कारखाने यांचं हाऊसकीपिंग करता, अठरा माणसं आहेत, वेबसाइट होऊन वर्ष झालं. फॉर्म येतात, पण त्यातून काम जवळपास नाहीच. तर रकाने वाढवू की कमी करू?

मी सांगलीत हेच काम करतो. कुपवाड एमआयडीसीतले काही कारखाने, विश्रामबागेतली ऑफिसं आणि मिरजेतले दवाखाने. रकान्यांचं नंतर बोलू. आधी आज संध्याकाळी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून स्वतःचाच फॉर्म भरा आणि तो तुमच्यापर्यंत कुठून, किती वेळात पोहोचतो ते बघा.

मी ते केलं नव्हतं. एका लग्नात मिरजेतल्या एका दवाखान्याचे मॅनेजर भेटले. म्हणाले, "दोनदा फॉर्म भरला, तुमचा फोनच नाही. शेवटी कोल्हापूरच्या पार्टीला काम दिलं." जेवण गोड लागलं नाही. घरी येऊन स्पॅमचं फोल्डर उघडलं तर तीन महिन्यांच्या इन्क्वायरी तिथे निवांत पडलेल्या. भानगड अशी होती: फॉर्म भरणाऱ्याचाच ईमेल पत्ता पाठवणारा म्हणून लावून आमचा सर्व्हर मेल धाडत होता. त्या पत्त्याच्या नावाने मेल पाठवायची परवानगी आमच्या सर्व्हरला नाही, हे जीमेलला एसपीएफच्या नोंदीवरून (कुठल्या सर्व्हरने कुणाच्या नावाने मेल पाठवायचा याची डोमेनवरची यादी) कळतं, आणि मेल स्पॅममध्ये जातो किंवा पोहोचतच नाही. पाठवणारा पत्ता स्वतःच्या डोमेनचा ठेवायचा, गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय टू'मध्ये टाकायचा, मेल एसएमटीपीतून, म्हणजे स्वतःच्या मेल खात्यात लॉगिन करून पाठवायचा. वेबसाइट करून देणाऱ्याला एवढं सांगितलं तर अर्ध्या तासाचं काम आहे.

शिवाय नुसत्या मेलवर विसंबू नका. वेबसाइट वर्डप्रेसवर असेल आणि फॉर्मसाठी 'कॉन्टॅक्ट फॉर्म ७' हे प्लगइन असेल तर तो आलेली माहिती स्वतःहून साठवत नाही. मेल हरवला की सगळं गेलं. सोबत नोंदी साठवणारं 'फ्लेमिंगो' प्लगइन टाका, नाहीतर सरळ गूगल फॉर्म लावा, म्हणजे प्रत्येक नोंद शीटमध्ये राहते.

त्याच तपासणीत आणखी एक सापडलं. फोन नंबरच्या रकान्यात बरोबर दहा आकडे हवेत अशी अट होती. आता दवाखान्याच्या रिसेप्शनवरची मुलगी स्वतःचा मोबाइल नंबर कशाला देईल? ती लँडलाइन टाकणार. आमच्याकडे ०२३३ धरून अकरा आकडे होतात, तुमच्याकडे ०२१६२ लावून तेवढेच. फॉर्म लाल अक्षरात ओरडतो आणि ती पान बंद करते. ती अट काढा.

आता इथे घोडं पेंड खातं: येणाऱ्या फॉर्मपैकी काम देणारे किती आणि काम मागणारे किती? आमच्याकडे निम्म्याहून जास्त लोक नोकरी मागणारे असायचे. 'हाऊसकीपिंग' शब्द शोधून माणूस येतो, समोर दिसेल तो फॉर्म भरतो. त्याचा काय दोष? त्यांच्यासाठी वर ठळक बटण ठेवा, 'काम हवं आहे', आणि त्यांचा फॉर्म वेगळा करा. नाव, गाव, फोन, आधी कुठे काम केलं, बस. आधारचा फोटो तिथे मागू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झालाय, नको ती कागदपत्रं साठवून जोखीम कशाला घ्यायची? दिवाळीच्या तोंडावर माणसं कमी पडतात तेव्हा हीच यादी मला वाचवते, म्हणून तिला कचरा समजू नका.

मग उरलं खरं गिऱ्हाईक. त्याला पहिला प्रश्न एकच: एकदाच साफसफाई हवी की दरमहा माणसं हवीत? या दोन धंद्यांचं नाव एक असलं तरी हिशेब वेगळे. एकदाच्या डीप क्लिनिंगला कधीपर्यंत हवं, किती जागा आहे आणि फरशी कसली आहे, हे लागतं. फरशीचं मी मुद्दाम विचारतो. शहाबादी, कोटा, संगमरवर हे चुन्याच्या जातीचे दगड, ॲसिड पडलं की चकाकी गेलीच. व्हिट्रिफाइड टाइल्सना तो प्रश्न नाही. जागेचा आकडा लोकांना माहीत नसतो, म्हणून 'अंदाजे ब्रास किंवा स्क्वेअर फूट' असं लिहा. बांधकामातली माणसं ब्रासमध्येच बोलतात, एक ब्रास म्हणजे शंभर स्क्वेअर फूट. 'माहीत नाही' हाही पर्याय असू द्या.

दरमहाच्या कामाला स्क्वेअर फुटापेक्षा टॉयलेट किती, मजले किती आणि शिफ्ट किती, हे जास्त महत्त्वाचं. पाच हजार फुटांचं गोडाऊन एक माणूस सांभाळतो आणि तेवढ्याच जागेच्या दवाखान्याला तिघंही पुरत नाहीत. दवाखाना असेल तर पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या वर्गवारीतला जैववैद्यकीय कचरा तुमच्या माणसांनी हाताळायचा आहे का, हे फोनवर पहिल्यांदा विचारा. त्याचं प्रशिक्षण वेगळं लागतं, दरही वेगळा.

अजून एक रकाना, आणि माझ्या मते सगळ्यात किमती: 'सध्या काम कोण करतं आणि करार कधी संपतो?' ऐच्छिक ठेवा. बरेच जण भरत नाहीत. जे भरतात ते मनातलं सांगून जातात.

बजेटचा रकाना मात्र नको. कंपनीत फॉर्म भरणारा बहुतेक वेळा ॲडमिनचा किंवा परचेसचा माणूस असतो. त्याला साहेबांपुढे तीन कोटेशनं ठेवायची असतात, बजेट त्यालाही ठाऊक नसतं. मग तो काहीतरी आकडा ठोकतो आणि आपण त्या आकड्यावर हिशेब मांडत बसतो. त्याऐवजी 'कोटेशन कधीपर्यंत हवं?' विचारा. पहिल्या फोनवर कोटेशन कुणाच्या नावाने काढायचं ते विचारलंत की खरा माणूस कळतो.

स्वस्त शोधणाऱ्यांना फॉर्मच्या आधीच गाळता येतं. आम्ही सेवांच्या पानावर साध्या शब्दांत लिहिलंय: दरात किमान वेतन, मालकाच्या वाट्याचा पीएफ १३%, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) ३.२५%, त्यावर आमचा सर्व्हिस चार्ज आणि १८% जीएसटी. हे वाचून 'माणूस नऊ हजारात द्या' म्हणणारे कमी झाले. इन्क्वायरींची संख्याही घटली, आणि मला ते परवडतं. (अठरा माणसं आहेत म्हणता, वीस झाली की पीएफ लागू होतोच, आत्तापासून दरात धरा.) काय करत नाही तेही लिहा. आम्ही सेप्टिक टँकचं काम घेत नाही, तरी दर महिन्याला कुणीतरी विचारतं. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे पानावरच लिहिल्यापासून फोनवर वाद घालावा लागत नाही.

फॉर्म आल्यावर काय? मी दिवसभर साइटवर, हातात कधी फरशी घासायचं सिंगल डिस्क मशीन, तर कधी रुसलेला सुपरवायझर. म्हणून फॉर्मची सूचना माझ्यासोबत वहिनींच्या फोनवरही जाते आणि पहिला फोन त्याच करतात. दर सांगत नाहीत. फोटो मागतात आणि साइट बघायला कधी येऊ ते ठरवतात. फोटो फॉर्ममध्ये अपलोड करायला लावू नका, कमी रेंजमध्ये तिथेच गाडी अडते. 'धन्यवाद'च्या पानावर व्हॉट्सॲपची थेट लिंक द्या, नंबराआधी ९१ लावून, शून्य किंवा अधिक चिन्ह न घालता. मेसेज आधीच लिहून ठेवता येतो: 'फॉर्म भरला आहे, जागेचे फोटो पाठवत आहे.' आणि फोटो कितीही आले तरी जागा बघितल्याशिवाय पक्का आकडा देऊ नका. पाण्यात म्हैस, बाहेर मोल असा सौदा मी दोनदा केलाय. दोन्ही वेळा म्हैस निघाली भलतीच.

तुमच्या भागासाठी एक सुचवतो. पिनकोडचा रकाना ठेवा. ४१५००१, म्हणजे सातारा शहर आलं तर त्याच दिवशी जाऊन या. पाचगणीच्या निवासी शाळा आणि महाबळेश्वरची हॉटेलं असतील तर फोन करून दोन-तीन साइट एकत्र आल्यावर घाट चढा. शाळांचं मोठं काम सुट्टीत, हॉटेलांचं पावसाळा सरताना. त्या इन्क्वायरीला 'कधी हवं' हे उत्तर जागेपेक्षा महत्त्वाचं.

आणि जे 'आत्ता नको' म्हणतात त्यांची करार संपायची तारीख शीटमध्ये टाका, त्याच्या दोन महिने आधी फोन करा. लग्नात भेटलेल्या त्या मॅनेजरांना मी असाच फोन केला होता. कोटेशन दिलं, दोनदा जाऊन आलो. काम मिळालं ते फक्त ओपीडीच्या मजल्याचं. वरचे मजले अजून कोल्हापूरवाल्यांकडेच आहेत.