प्रिकोशस : आगाऊ, हळवा आणि जर्दाळू

प्रश्न असा आला आहे : ‘माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी “प्रिकोशस” असा शेरा लिहिला आहे. सासरे म्हणतात स्पेलिंग चुकलंय, बाईंना “प्रेशस” लिहायचं असणार. नवरा म्हणतो, प्रिकोशस म्हणजे हुशार. नक्की काय समजायचं?’

ताई, सासऱ्यांना सांगा की बाईंचं स्पेलिंग बरोबर आहे. ‘प्रेशस’ आला लॅटिन ‘प्रेतियुम’वरून, म्हणजे किमतीवरून. ‘प्राइस’ त्याच घरचा. त्यांचं आणि ‘प्रिकोशस’चं काही सोयरसुतक नाही. नवऱ्याचं उत्तर मात्र अर्धं बरोबर आहे, आणि मला खरा वैताग या अर्ध्या बरोबर उत्तराचा आहे.

हल्ली ज्याला त्याला प्रिकोशस म्हणतात. दहावीला पंचाण्णव टक्के पडले की पोरगा प्रिकोशस. मागे एका कार्यक्रमात निवेदकाने साठी उलटलेल्या सतारवादकांची ओळख ‘प्रिकोशस कलावंत’ अशी करून दिलेली मी या कानांनी ऐकली. साठीला प्रिकोशस ठरायचं तर माणसाने दीड-दोनशे वर्षं तरी जगायला हवं! हा शब्द वेळेचा आहे हो. जे पुढे कधीतरी यायचं ते आधीच आलं, एवढंच तो सांगतो. हुशारी आधी आली तरी प्रिकोशस आणि मिशा आधी फुटल्या तरी प्रिकोशस. मुलींना आठव्या वर्षाआधी आणि मुलांना नवव्या वर्षाआधी वयात येण्याची लक्षणं दिसू लागली तर डॉक्टर तिथेही हेच विशेषण लावतात. त्यात कसलं आलंय कौतुक?

आता मुद्द्याचं. मूळ शब्द लॅटिन ‘प्राइकॉक्स’. ‘प्राइ’ म्हणजे आधी आणि ‘कोक्वेरे’ म्हणजे शिजवणं. फळ पिकणं हेही रोमन लोक याच क्रियापदाने सांगत. चुलीच्या आगीवर झालं काय नि उन्हाच्या आगीवर झालं काय, त्यांच्या लेखी सारखंच. आपल्याकडेही पक्वान्नातलं ‘पक्व’ शिजलेलं असतं आणि आंब्याचं ‘पक्व’ पिकलेलं. हा योगायोग नव्हे. संस्कृत ‘पच्’ आणि लॅटिन ‘कोक्वेरे’ एकाच आदिम धातूची लेकरं आहेत.

‘प’चा ‘क’ कसा झाला म्हणता? इथे मला अडवू नका, कारण सगळी गंमत इथेच आहे. लॅटिनच्या पूर्वजांना एक खोड होती. शब्दात पुढे ‘क्व’ यायचा असला की त्यांची जीभ सुरुवातीच्या ‘प’लाच ‘क्व’ करून मोकळी व्हायची. आपल्या ‘पंच’चं लॅटिनमध्ये ‘क्विंक्वे’ झालं ते असं. आणि याच खोडीने ‘पेक्व’चं आधी ‘क्वेक्व’ आणि मग ‘कोक्व’ झालं. म्हणजे पुढे यायचा उच्चार जिभेने आधीच उरकून घेतला. प्रिकोशस या शब्दाच्या पोटातला ध्वनीच प्रिकोशस निघाला! पंधरा वर्षांपूर्वी हे लक्षात आलं तेव्हा मी घरात दोन दिवस हेच सांगत फिरत होतो. घरच्यांनी सहन केलं.

या घराण्यात ‘कुक’ आहे, ‘किचन’ आहे, दोनदा भाजलेलं ‘बिस्किट’ आहे आणि भाजलेली माती म्हणजे ‘टेराकोटा’ही आहे. ग्रीक शाखेत ‘प’ टिकला, म्हणून तिकडे पेप्सिन (पोटातला पाचक रस) आणि डिस्पेप्सिया (अपचन). त्या अपचनाच्या नावावरून १८९८ साली एका अमेरिकी औषधविक्रेत्याने आपल्या सरबताला पेप्सी-कोला म्हटलं. आणि इंग्रजांनी इथून उचलून नेलेलं ‘पक्का’ हे विशेषणही याच गोतावळ्यातलं. ज्याला इंग्रज माणूस पक्का साहेब म्हणे तो आणि तुमची प्रिकोशस मुलगी नात्यातलेच लागतात.

सख्खं भावंड म्हणाल तर जर्दाळू. म्हणजे त्याचं इंग्रजी नाव, ‘एप्रिकॉट’. पीचच्या आधी पिकणारं फळ म्हणून रोमन लोक त्याला ‘प्राइकॉक्स’ म्हणू लागले. ग्रीकांनी त्याचं ‘प्राइकोकिओन’ केलं, अरबांनी ‘अल-बर्कूक’. मूर लोकांबरोबर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांबरोबर, ते स्पेनला जाऊन ‘अल्बारिकोके’ झालं आणि सोळाव्या शतकात इंग्लंडला ‘अब्रेकॉक’ म्हणून उतरलं. रोमहून निघालेला शब्द भूमध्य समुद्राला पुरा वळसा घालून आला. ‘प्रिकोशस’ सतराव्या शतकात पुस्तकांतून सरळ आला आणि त्याला आपलं भावंड ओळखूही आलं नाही. (‘जर्दाळू’चा याच्याशी संबंध नाही. तो फारसी, जर्द म्हणजे पिवळा, आलू म्हणजे अलुबुखाऱ्याच्या जातीचं फळ.)

१६१७ साली जॉन मिन्शू नावाच्या इंग्रज कोशकाराने या फळाच्या नावाची फोड ‘इन अप्रिको कॉक्तुस’, म्हणजे उन्हाच्या जागी पिकलेलं, अशी केली. अजूनही कोणीतरी ती मला कौतुकाने ऐकवतं. अहो, सगळीच फळं उन्हाने पिकतात! त्यात जर्दाळूचं वेगळं ते काय? वाईट एवढंच, की ‘अब्र’चं ‘अप्र’ व्हायला बहुधा हीच चुकीची व्युत्पत्ती कारण झाली. विद्वानांच्या चुका अशा स्पेलिंगमध्ये जाऊन बसतात.

झाडांकडून हा शब्द माणसांकडे वळला तो रोममध्येच. पहिल्या शतकात क्विंटिलियन या रोमन शिक्षकाने लिहून ठेवलं की ‘प्राइकॉक्स’ बुद्धी सहसा फळाला येत नाही. शिक्षक माणूस, पण उपमा शेतकऱ्याची. इंग्रजीत मात्र सर थॉमस ब्राउन या डॉक्टर-लेखकाने सतराव्या शतकाच्या मध्यावर हा शब्द वापरला तो परत झाडांसाठी. नाताळात फुलणाऱ्या ग्लास्टनबरीच्या काटेझाडाला लोक चमत्कार मानत, तर अशी लवकर बहरणारी झाडं युरोपात पुष्कळ आहेत, असं त्याचं म्हणणं. बागायतदारांत हा अर्थ अजून जिवंत आहे. लहान वयात फळ धरणाऱ्या झाडाला ते प्रिकोशसच म्हणतात.

माणसांच्या बाबतीत या शब्दाला भीतीची किनार कायम राहिली. जर्मनीतल्या ल्यूबेकचा क्रिस्टियान हाइनेकेन १७२१ मध्ये जन्मला, तिसऱ्या वर्षी त्याच्या विद्वत्तेची ख्याती डेन्मार्कच्या राजापर्यंत गेली आणि चौथ्या वर्षी तो वारला. पुढे तत्त्वज्ञ कांटने त्याचं नाव घेऊन ‘इंगेनियुम प्राइकॉक्स’, म्हणजे वेळेआधी पिकलेली बुद्धी, असं म्हटलं आणि अशी मुलं म्हणजे निसर्गाच्या नियमाचे अपवाद, संग्रहालयातल्या वस्तू, असा शेरा मारला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने तरुणपणी जडणाऱ्या मनोविकाराला ‘डिमेन्शिया प्राइकॉक्स’, म्हणजे वेळेआधी आलेला बुद्धिभ्रंश, हे नाव रूढ केलं. १९०८ मध्ये ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने त्याऐवजी ‘स्किझोफ्रेनिया’ आणलं, म्हणून ते मागे पडलं.

मराठीत काय म्हणायचं? कोशांत ‘अकालप्रौढ’ आणि ‘अकालपक्व’ असतं. मला दोन्ही मान्य नाहीत. ‘प्राइ’ म्हणजे नुसतं ‘आधी’. ‘अकाल’ म्हणजे नको त्या वेळी. अकाली म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर निधनवार्ता येते. पंधरा-सोळाव्या वर्षी गीतेवर भाष्य सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांना अकालप्रौढ म्हणून दाखवा एकदा!

माझं मत ‘आगाऊ’ला. आगाऊ पैसे म्हणजे मुदतीआधी दिलेले, आगाऊ पोर म्हणजे वयाआधी पुढे गेलेलं. वेळेचा हिशोबही आला आणि कपाळावरची आठीही. इंग्रजीतही लॅटिन शब्द यायच्या आधी ‘फॉरवर्ड’ हेच काम करी. लवकर आलेलं पीकही फॉरवर्ड आणि आगाऊ मूलही. शेक्सपिअरच्या नाटकातला, गादीसाठी पुतण्यांच्या जिवावर उठलेला तिसरा रिचर्ड पुतण्याचं शहाणं बोलणं ऐकून मनाशी म्हणतो की लवकर येणाऱ्या वसंताचा उन्हाळा बहुधा आखूड असतो. तिथे वसंताचं विशेषण ‘फॉरवर्ड’च आहे, आणि काकांच्या मनात काय आहे ते प्रेक्षकांना पुरतं कळतं. माझा तर्क असा, की ‘फॉरवर्ड’ला पुढे उद्धटपणाचा वास फार येऊ लागला म्हणून शिकलेल्या मंडळींनी ‘प्रिकोशस’ पुढे केला. आगाऊपणाच, पण इस्त्रीचे कपडे घातलेला.

आणि खरं सांगू? ‘प्राइकॉक्स’ला तंतोतंत मराठी शब्द शेतात पडून आहे, तो म्हणजे ‘हळवा’. कोकणात विचारा. हळवं भात दसऱ्याच्या सुमाराला कापणीला येतं, गरव्याला दिवाळी उलटते, मधलं ते निमगरवं. हळवा-गरवा म्हणजे मुळात लघु-गुरू. ‘लघु’मधली अक्षरं प्राकृतात उलटून ‘हलु’ झाली आणि तिथून आपलं हळू नि हळवं. काय शब्द आहे! पण शहरात तो डोळ्यांत पाणी आणणाऱ्यांच्या हाती लागला, आणि मुलगी ‘हळवी’ म्हटलं तर तुमचे सासरे वेगळ्याच काळजीत पडतील.

ताई, तुमचा प्रश्न राहिलाच. बाईंनी या शब्दाआधी काय लिहिलंय ते बघा. ‘अ बिट’ असेल तर पोरगी वर्गात उलट उत्तरं देते आहे. ‘म्युझिकली’ किंवा ‘व्हर्बली’ असं काही असेल तर त्या त्या बाबतीत ती वयाच्या पुढे आहे, नवऱ्याला पेढे आणायला सांगा. आधी काहीच नसेल तर पालकसभेला जा आणि बाईंनाच विचारा. सासऱ्यांना सोबत नेऊ नका. ते स्पेलिंग काढतील.