डायिंगमध्ये नवीन लागलायस तर एवढं बघ

भावा, सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या डायिंगला (रंगाईला) लागलायस तर ग्रीन केमिस्ट्रीची (प्रदूषण कमी करणाऱ्या रसायनशास्त्राची) १२ तत्त्वं पाठ करत बसू नको, पहिलंच पक्कं धर, घाण झाल्यावर साफ करण्यापेक्षा ती होऊच द्यायची नाही. रिअॅक्टिव्ह रंगातला (सुताशी रिअॅक्शन करून पक्का बसणारा रंग) काही भाग सुताला न धरता पाण्याशीच रिअॅक्शन करतो, तो वाया, सोबत रंग चढायला टाकलेलं मीठपण जातं आणि ते साध्या ईटीपीत (सांडपाणी साफ करायच्या प्लांटमध्ये) निघत नाही. म्हणून दोन रिअॅक्टिव्ह ग्रुपवाला रंग माग, जास्त चढतो, लिकर रेशो (मालाच्या वजनामागे किती पाणी) कमी ठेव. ब्लीचिंगनंतर पाण्यावर पाणी ओतू नको, कॅटालेज एन्झाइम टाक, ब्लीचिंगच्या उरलेल्या पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतं, धुणी वाचतात. आपल्याकडं उन्हाळ्यात पाण्याचे हाल माहितीयत ना, मला तरी पाणी वाचवणं हेच सगळ्यात मोठं वाटतं. आधी सॅम्पलवर ट्रायल घे, मग मास्तरला सांग.