गुडघ्यासाठी फॉइल गेज नको रे

अरे, गुडघा किती वाकतो ते मोजायचंय ना, मग पुलाबिलावर ताण मोजायला चिकटवतात तो मेटल फॉइल गेज गुडघ्यावर लावू नकोस, त्याचा गेज फॅक्टर (जितके टक्के ताणला त्याच्या किती पट टक्के रेझिस्टन्स बदलतो तो आकडा) साधारण 2 आणि काही टक्के ताणला की गेलाच, इथं वाकताना कातडी 30 टक्क्यांच्याही वर ताणते. कार्बन मिसळलेली रबराची दोरी सेन्सर म्हणून घे, ताणली की तिचा रेझिस्टन्स बदलतो, आणि स्वस्त आहे. फक्त ती लबाड असते, ताणताना एक रीडिंग आणि सोडताना वेगळंच, म्हणून कॅलिब्रेशनआधी पन्नासेक वेळा ताणून घे आणि दोन्ही बाजूंचे आकडे लिही. व्होल्टेज डिव्हायडरमधला, म्हणजे सेन्सरशी सिरीजमध्ये जोडलेला, रेझिस्टर सेन्सरच्या न ताणलेल्या रेझिस्टन्सच्या आसपासचा ठेव. वायरचा जोड मात्र क्रिम्प कर, म्हणजे धातूच्या क्लिपमध्ये घट्ट दाबून बसव, रबरावर सोल्डर बसत नाही, माझे पहिले तीन सेन्सर तिथंच तुटले. आणि घाम! सिलिकॉनचा थर दे बाबा.